किती गाठी उघड्या?

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी माहेरी होते. सोलापूर जिल्ह्यात, सांगोला तालुक्यातलं आमचं गाव, दुपारचे साडेचार वाजलेले, ऊन अजून उतरलं नव्हतं. दादा शेततळ्याच्या काठावर उकिडवा बसून तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या फाटलेल्या कागदाला ठिगळ लावत होता. तेवढ्यात पुण्याकडची कॉलेजची दोन मुलं हातात टॅब घेऊन सर्वेक्षणाला आली. पाणी प्यायली, लिंबाच्या सावलीला टेकली आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. जमीन किती, बोअर किती, ठिबक आहे का, पीक विमा उतरवता का. दादा हातातलं काम न सोडता सांगत गेला. मग प्रश्न आला, "येत्या पाच वर्षांत गाव सोडून जायचा तुमचा विचार आहे का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

दादाचा हात थांबला.

"इचार कुणाचा धरायचा?" तो म्हणाला. "माझा का घराचा?"

मुलगा गोंधळला. त्याच्याकडे तीनच पर्याय होते. शेवटी दादानेच त्याची सुटका केली. "न्हाई म्हणून टाका," म्हणाला आणि पुन्हा ठिगळाकडे वळला. मुलांनी नोंद केली, आभार मानले आणि पुढच्या वस्तीवर गेली. मनापासून काम करणारी मुलं होती, उन्हातान्हात हिंडत होती. पण दादाचं घर त्यांच्या यादीत 'जाणार नाही' या रकान्यात गेलं आणि त्याच वेळी दादाचा सख्खा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीवर उभा होता. त्या रकान्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे पोटासाठी गाव सोडण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. "ती घरं कुठंयत?" "जगायला गेल्यात." लहानपणापासून कानावर असलेला शब्द, त्यात कधी काही खटकलं नव्हतं. सोलापुरात शिकवायला लागल्यावर एकदा वर्गात सहज तोंडून गेला, तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग गावात राहतात ते काय करतात?" मी उत्तर दिलं नाही. घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

माणदेशाचा हा पट्टा पावसाच्या सावलीतला. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. जूनचे ढग आमच्या डोक्यावरून दुसरीकडे जातात. म्हणून आमची खरी पेरणी रब्बीची. 'पडल्या स्वाती तर पिकतील माणिकमोती' ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी हिशेबासारखी यायची. पलीकडच्या मंगळवेढ्याची काळी जमीन तर ज्वारीचं कोठारच. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी त्या जमिनीत नुसत्या ओलीवर येते. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. हवामानाशी जुळवून घेणं हा शब्द आता परिषदांतून ऐकू येतो, पण आमच्याकडे जुळवून घेतल्याशिवाय कोणी कधी जगलेलंच नाही.

आणि ज्वारीची एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ज्वारी माणसाला मोकळं सोडते. पेरली, एखादी कोळपणी-खुरपणी झाली, की काढणीपर्यंत तिला माणसाची फार गरज नसते. मधल्या महिन्यांत घरातली माणसं साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीत जायची, कोणी बांधकामावर जायचं, धनगर वाड्यावरची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायची. काढणीला सगळे परत. ते जाणं म्हणजे गाव सोडणं नव्हतंच. पिकाच्या वेळापत्रकातच त्या जाण्याला जागा होती.

बहात्तर सालचा दुष्काळ मात्र वेगळा. माझे वडील, आबा, तेव्हा विशीत होते. मुंबईला चुलत्याकडे जायचं ठरलेलं, पत्र्याची ट्रंक भरून दारात ठेवलेली. आणि गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. आबा सांगायचे, ट्रंक तशीच आत नेली, कुलूप काढलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी-फावडं घेऊन तलावावर गेलो. दिवसभर माती उचलायची, मिळालेली सुकडी खायची आणि घरी येऊन लाल मिलो ज्वारीची भाकरी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलमांपेक्षा मला ती ट्रंक जास्त सांगून जाते. एका तलावाच्या कामाने एका माणसाचं जाणं थांबलं. ती ट्रंक अजून घरात आहे, आई तिच्यात बियाणं ठेवते.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या तलावाने आबांकडून श्रमाशिवाय काही मागितलं नव्हतं. भांडवल मागितलं नव्हतं.

शेततळ्याचं तसं नाही.

दादाने तळं खोदलं ते 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यावर, २०१७ च्या उन्हाळ्यात. २०१२ च्या दुष्काळात डाळिंबाची बाग टँकरने जगवताना घरातलं सोनं मोडलं होतं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही म्हणून तळं. योजनेतून जास्तीत जास्त मिळणार ५० हजार. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल अशा तळ्याची खोदाई, खाली अंथरायचा ५०० मायक्रॉनचा कागद, भोवतीचं कुंपण, वर मोटर, हे सगळं धरून खर्च अडीच लाखांच्या पुढे गेला. उरलेले पैसे एका पतसंस्थेतून काढले. हप्ता दर महिन्याचा. डाळिंब मात्र वर्षातून एकदा पैसे देतं, तेही दिले तर.

हा हप्ता कोणी भरायचा, यावर घरात बैठक वगैरे झाली नाही. एका रात्री जेवताना धाकटा भाऊ बापू म्हणाला, "मी जातो की चाकणला. पोरं हायत तिथं आपल्या गावची." आबा काही बोलले नाहीत. आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. एवढंच. बापू घरातून गेला तो दुष्काळाने नाही, दुष्काळावर केलेल्या उपायाने गेला. त्याच्या पगारातून तळ्याचा हप्ता जातो, तळ्याच्या पाण्यावर दादाची बाग उभी राहते, आणि बागेमुळे दादाला गाव सोडता येत नाही.

बाग माणसाला कसं बांधून ठेवते, हे डाळिंबवाल्याच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. बहार धरायचा, म्हणजे ठरवलेल्या वेळी झाड फुलावर आणायचं, तर आधी झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं. मग पानगळ, छाटणी, आणि पहिलं पाणी. तिथून पुढे रोज कोणीतरी बागेत पाहिजेच. फुलगळ बघायला, फवारणीला, ठिबकच्या नळीचं तोंड चोंदलं का बघायला. आभाळ आलं की दादा रात्री उठून बाहेर जातो, कारण फळावर ओल राहिली की तेल्या रोग येतो. पूर्वी मृग बहार पावसावर धरायचा. तळं झाल्यापासून आंबे बहार धरतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाडाला पाणी लागतं. तळ्याने पाणी दिलं आणि पाण्याची गरजही वाढवली.

ज्वारीच्या काळात घरातले सगळे थोडे थोडे दिवस बाहेर असायचे. आता एक जण कायमचा बाहेर आणि एक जण कायमचा आत. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आम्ही जुळवून घेतलं म्हणून जाणं थांबलं नाही. कोणी जायचं आणि कोणी राहायचं, याची वाटणी बदलली.

जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की २०५० पर्यंत जगातल्या सहा विभागांत मिळून २१ कोटी ६० लाख माणसांना हवामानामुळे आपापल्या देशातच जागा बदलावी लागू शकते, आणि वेळीच पावलं उचलली तर हा आकडा जास्तीत जास्त ८० टक्क्यांनी खाली आणता येईल. आकडा खाली यावा असं मलाही वाटतं. पण न गेलेला माणूस म्हणजे वाचलेला माणूस, असा हिशेब धरला जाईल याची भीती वाटते. नॉर्वेचे अभ्यासक यॉर्गन कार्लिंग यांनी २००२ साली केप व्हर्द बेटांवरच्या लोकांविषयी लिहिताना जाण्याची इच्छा आणि जाण्याची ऐपत या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या. ते वाचताना मला आमच्या शेजारच्या मावशी डोळ्यांसमोर आल्या.

मावशींना जमीन नाही. पाटाने पाणी द्यायचो तेव्हा रात्री-अपरात्री दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागायचा, ते काम मावशींच्या मालकांचं. खुरपणीला मावशी आणि त्यांच्या दोघी सुना. ठिबक आलं आणि दारं मोडण्याचं काम गेलं. पाणी फक्त झाडाच्या बुडाशी पडायला लागलं, मधलं तण कमी झालं, खुरपणीचे रोज निम्म्यावर आले. ठिबकने पाणी वाचतं, हे खरं आहे, आणि मी ठिबकच्या विरोधात अजिबात नाही. पण वाचलेल्या पाण्याबरोबर मावशींची मजुरीही वाचली, आणि ती आमच्या घरात आली. त्यांच्या धाकट्या मुलाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली. तो आणि सून मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. उचल घेऊन गेलेला माणूस स्वतःच्या इच्छेने गेला म्हणायचं का? आणि मावशी स्वतः गुडघ्यांमुळे कुठे जाऊ शकत नाहीत. त्या सर्वेक्षणात त्यांच्या नावापुढेही 'नाही' असंच लागलं असेल. दादाचं 'नाही' आणि मावशींचं 'नाही' एकाच रकान्यात.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, आमच्या घराची असली तरी. शेततळं ही कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवण्याची. आमचं तळं पावसाने भरत नाही. आजूबाजूच्या बहुतेकांचंही नाही. पावसाळ्यात बोअरला पाणी असतं तेव्हा ते उपसून तळ्यात टाकायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं. वर आणून कागदावर ओतलं की एकाचं होतं. शिवाय उघड्यावर ठेवलेलं. तळं भरलेलं असताना उन्हाळ्यातल्या एका दिवसात सात-आठ मिलिमीटर जरी वाफ होऊन गेलं, तरी सहा-सात हजार लिटर झालं, म्हणजे रोज एक छोटा टँकर उन्हाला. आमच्या तळ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे ते भाऊबंद आता फेब्रुवारीतच पाणी संपलं म्हणतात. दादाला हे कळतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी न्हाई वढलं तर वरचा वढंल." यावर मी काय बोलणार होते? हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडायचा नसतोच. गावाने मिळून पाणी मोजायचं, मिळून पिकं ठरवायची, आणि शासनाने पैसा द्यायचा तो त्या मोजणीला आणि त्या ठरावाला. तळी मागेल त्याला मिळाली, पाण्याचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

आणि त्याच जिल्ह्यात उजनी धरण आहे. भरलं तर ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठ्यातलं, म्हणजे कालव्यात आपोआप न उतरणारं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर पुढे. कालव्याच्या कडेला उभा ऊस आणि तासाभराच्या अंतरावर जनावरांच्या छावण्या, हे मी २०१९ मध्ये एकाच दिवशी बघितलं आहे. आमची आई त्या वर्षी दोन गायींबरोबर छावणीत राहायला होती. दिवसभर, रात्रीही. मी भेटायला गेले तर ताडपत्रीखाली बाजेवर बसलेली. म्हणाली, "हितं बायका हायत सोबतीला, करमतंय." घरापासून तीन किलोमीटरवर ती स्थलांतरित होती, आणि तिची मोजदाद कुठेच नाही.

बायकांच्या जाण्याची तशीही कोणी फारशी दखल घेत नाही. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच असतं, आणि ते जाणं कोणाला जाणं वाटत नाही. आमच्या भागात मुलीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न असतो, "पाणी हाय का?" मला स्थळ आलं तेव्हा आबांनी नवऱ्या मुलाचा पगार नंतर विचारला, आधी कालवा विचारला. "पाण्याच्या गावाला दिली पोरगी," हे त्यांनी नंतर कित्येक जणांना समाधानाने सांगितलं. पुढे नोकरीमुळे आम्ही सोलापूर शहरात आलो, जिथे कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. पाण्याची बॅरलं भरून ठेवताना मला आबांचं ते समाधान आठवायचं आणि भरून यायचं.

मुलगी पाण्याच्या गावाला जाते, तेव्हा बिनपाण्याच्या गावातल्या मुलाचं काय होतं? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणाऱ्या मुलांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुलींचा घटलेला जन्मदर हे त्यामागचं मोठं कारण होतंच, पण शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही हेही होतं. दादाचा मुलगा आता वयात येतोय. तळं आहे, ठिबक आहे, बाग आहे. तरी वहिनी म्हणते, "त्यानं पुण्यात खोली केली तरच पोरगी मिळंल." पाऊस, कर्ज, बाजारभाव सगळं नीट बसलं, तरी ह्या एका वाक्याने मुलगा गाव सोडेल. जायचं की राहायचं, हे ठरवणाऱ्या गोष्टींत पाऊस ही एकच गोष्ट नाही. कधीकधी तर शेवटची गोष्ट.

बागेचंही सांगते, थोडक्यात. २०२० नंतरच्या दोन वर्षांत मर रोग आणि खोडाला भोकं पाडणारी पिन होल बोरर ही कीड सांगोल्याच्या बागांतून फिरली. आमची अर्धी बाग मुळापासून उपटून बांधावर रचावी लागली. हप्ता चालूच होता. २०२३ ला पावसाने दगा दिला, ऑक्टोबरात शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा होता. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने माढा-मोहोळ-करमाळ्याकडची गावंच्या गावं पाण्यात घातली. कमी पाण्याशी जुळवून घ्यायला शिकलेल्या जिल्ह्याला एका महिन्यात जास्तीच्या पाण्याशी जुळवून घ्या म्हणायचं, हे कोणत्या योजनेत बसतं?

त्या एप्रिलच्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी दादाजवळ जाऊन बसले. ठिगळ लावून झालं होतं, तो ते तळहाताने दाबून बघत होता. उंदराने कुरतडलं, म्हणाला. तळ्याचा कागद ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी चढून वर येता येत नाही. आसपासच्या तळ्यांत लेकरं गेली आहेत. म्हणून दादाने काठावर लोखंडी पहार ठोकून तिला जाड दोर बांधलाय आणि उतारावरून तळापर्यंत सोडलाय. हाताला पकड मिळावी म्हणून दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या आहेत.

त्याच गाठींनी आता पाणी मोजलं जातं. तळं भरलं की सगळ्या गाठी पाण्याखाली. जसजसं पाणी उतरतं, तसतशा गाठी उघड्या पडतात.

पाळी सुटली की बापूचा फोन येतो. कसा आहेस, जेवलास का, हे नंतर. आधी, "किती गाठी उघड्या?"

त्या आठवड्यात बापूने मला एक गोष्ट सांगितली होती आणि दादाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. कंपनीने त्याच्या पाळ्या कमी केल्या होत्या. पुढची ऑर्डर आल्याशिवाय पूर्ण महिन्याचं काम मिळणार नव्हतं. तो रात्री एका गोदामात माल उतरवायला जात होता.

रात्री साडेअकराला फोन वाजला. आम्ही अंगणात बाजेवर होतो. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"किती?"

"सहा," दादा म्हणाला.

"सहाच? मग बहार निघंल की."

"निघंल. तुझं काय, ओव्हरटाइम हाय का?"

"हाय की. लई काम हाय."

"जेवलास का?"

"जेवलो."

फोन ठेवून दादा उठला, बॅटरी घेतली आणि तळ्याकडे निघाला. मीही मागोमाग गेले. त्याने उजेड दोरावर टाकला आणि खाली खाली नेला. मी मनातल्या मनात मोजत होते. दहाव्या गाठीच्या खाली पाणी लागलं.